थोरला भाऊ घरात असून नसल्यासारखा झालाय, नेमकं काय करायचं?

पेठेतला धाकटा

थोरला भाऊ, वय ३८. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला जॉबवर्कचं छोटं युनिट आहे, दोन लेथ आणि एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन. गेले चार महिने माणूस मिटलाय. भांडण नाही, आदळआपट नाही. विचारलं की "काही नाही", "दमलोय", "बघू", तेवढंच. जे दिसतंय ते लिहितो, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

रात्री एक-दीडपर्यंत मोबाईल, पहाटे चारला जाग, मग गॅलरीत बसून राहतो. जेवण निम्म्यावर आलंय, पट्टा दोन भोकं आत गेलाय. शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल मॅच असली तरी जात नाही. पूर्वी सीझनमध्ये एक सामना चुकत नव्हता. लेकीशी दहा-पंधरा मिनिटं खेळतो, मग तिलाही "जा आईकडं" म्हणतो. दारू पूर्वीइतकीच, म्हणजे महिन्यातून एकदा-दोनदा. युनिटवर रोज जातो.

वहिनी दिवसातून दहा वेळा "काय झालं" विचारतात. आई म्हणते दृष्ट काढा, जोतिबाला जाऊन या. मामा म्हणतात एकदा बसवून खडसावतो. "पॉझिटिव्ह राहा", "वेळ द्या" असलं नको. काय करायचं, काय बोलायचं, किती दिवस, ते सांगा.

करवीरकर समुपदेशक

वर्णन चांगलं दिलंयस, अर्धं काम त्यातच झालं.

"बोलत नाही" या दोन शब्दांखाली आपण तीन वेगळी माणसं घालतो. एक मुळातला घुम्या. कॉलेजातही तसाच होता, आजही तसाच आहे, पण खातो, झोपतो, आपल्या आवडीचं करतो. दुसरा अबोला धरलेला. त्याचं न बोलणं कुणा एकावर रोखलेलं असतं. बाकीच्यांशी तो हसून बोलतो, आणि ज्याच्यावर रोख आहे त्यानं नमतं घेतलं की अबोला सुटतो. तिसरा मिटलेला. तो सगळ्यांशीच कमी होतो, आवडायचं तेही सुटतं आणि शरीरही बदलतं. मॅच सुटली, पट्टा आत गेला, पहाटे चारला जाग, लेकीचाही कंटाळा. तुझा दादा तिसऱ्यात बसतो. मामांचा उपाय दुसऱ्यालाही लागू पडत नाही, तिसऱ्याला तर तो आणखी खोल ढकलतो. मामांना आजच थांबव.

आता घरात चाललेलं चक्र बघ. वहिनी विचारतात. दादाजवळ तयार उत्तर नसतं, कारण बऱ्याचदा माणसाला स्वतःलाच कळलेलं नसतं. उत्तर देता येत नाही म्हणजे इथंही आपण कमी पडलो असं त्याला वाटतं, आणि तो गॅलरीत जातो. तो गेला म्हणून वहिनी घाबरतात आणि अकराव्यांदा विचारतात. दोघांनाही वाटतं आपण फक्त समोरच्याला प्रतिसाद देतोय. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांमधल्या या मागणी-माघारीच्या चक्राचा बराच अभ्यास केलाय. ते तोडायचं तर सुरुवात मागणाऱ्या बाजूनं करावी लागते. चूक त्या बाजूची असते असं नाही, हालचाल करायची ताकद त्या बाजूला उरलेली असते म्हणून.

पुढचे दहा दिवस घरात "काय झालं" आणि "का" हे दोन प्रश्न बंद. त्यांच्या जागी सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा संपर्क ठेवायचा, ठरलेल्या वेळी, अर्ध्या मिनिटाचा, उत्तर न मागणारा. "चहा ठेवलाय." "साडेआठला दूध आणायला चाललोय, येतोस?" तो नाही म्हणेल. "बरं" म्हणून एकट्यानं जायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच आवाजात परत विचारायचं. इथं लोक हमखास दोनपैकी एक चूक करतात. तिसऱ्या नकाराला आवाज चढतो, नाहीतर चौथ्या दिवशी विचारणंच बंद होतं. दोन्हींतून त्याला एकच कळतं, की हेही अटीवरच होतं.

बोलायचं तर समोरासमोर बसून नको. डोळ्यांत बघून बोलणं अशा माणसाला चौकशीसारखं वाटतं. शेजारी शेजारी राहून बोला: रंकाळ्यावर चालताना, गाडीवर मागं बसून, किंवा सुट्टीच्या दिवशी युनिटवर कूलंट बदलायला, चिप काढायला मदतीला जाऊन. हात कामात असले की तोंड सुटतं. पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि आजच सगळं निघायला पाहिजे असा हट्ट नको.

पहिलं वाक्य साधारण असं: "दादा, चार महिने तुझी झोप आणि जेवण कमी झालेलं दिसतंय. कारण आत्ता सांगायलाच पाहिजे असं नाही. मला दिसतंय, एवढंच सांगायचं होतं." मग गप्प राहायचं. एक मिनिटाची शांतता फार लांब वाटते, तरी ती तोडू नकोस. त्यानं काहीच उत्तर दिलं नाही तर "चल, चहा घेऊ" म्हणून विषय सोड. तीन-चार दिवसांनी परत.

आणि तो बोललाच, तर तीन वाक्यं गिळायची: "एवढंच ना?", "मग आधी का नाही सांगितलंस?", "त्या अमक्याकडं बघ, त्याचं किती वाईट झालं." पहिल्या बोलण्यात तोडगा सुचवायचा नाही. त्याचंच वाक्य थोडं बदलून परत म्हणायचं: "म्हणजे ऑर्डर गेल्यापासून रात्री डोळा लागत नाही." बरोबर असेल तर तो पुढं जाईल, चूक असेल तर दुरुस्त करेल. दोन्हीत तो बोलतोय.

अजून एक, आणि आपल्याकडं घरं बिघडतात ती बहुतेक इथंच. त्यानं तुला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात पोचलं, तर पुढचे सहा महिने विसर. कुणाला काय सांगायचं ते त्यालाच विचार: "वहिनींना सांगू का, की तू सांगतोस?"

दुधाळी

वरचं पटलं. एक भर. जेवणाच्या ताटावर हा विषय काढूच नका. आधीच अर्धं जेवणारा माणूस ताट सरकवून उठतो आणि पुढं जेवायला बसणंच टाळतो. रविवारी तांबडा-पांढरा करून चार पाहुणे बोलवायचे आणि हात धुऊन झाल्यावर सगळ्यांनी मिळून समजूत घालायची, हा आपला आवडता कार्यक्रम. तो तर अजिबात नको. एका वेळी एकच माणूस.

दृष्ट काढू द्या आईंना. त्यानं नुकसान नाही, आईंचा जीवही थाऱ्यावर राहतो. फक्त "दृष्ट काढली, आता डॉक्टर कशाला" असं होऊ देऊ नका.

सकाळची ओपीडी

मी वैद्यकीय बाजू सांगते, कारण चार महिने झालेत आणि नुसत्या बोलण्यावर थांबायची वेळ गेलीय.

डिप्रेशन ठरवताना डॉक्टर साधारण नऊ लक्षणं बघतात: उदासपणा, कशातच रस न वाटणं, झोप, भूक किंवा वजन, थकवा, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, लक्ष न लागणं, स्वतःला कमी किंवा दोषी समजणं, मरणाचे विचार. यातली किमान पाच, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे, आणि त्यात पहिल्या दोनांपैकी एक असलंच पाहिजे. तुमच्या लिहिण्यात रस, झोप आणि भूक ही तीन बाहेरून दिसतायत. बाकीची त्यांनाच विचारावी लागतील. युनिटवर रोज जातात म्हणजे ठीक आहेत, असं धरू नका. कामावर जाणं बहुतेक सगळ्यात शेवटी सुटतं.

पुरुष "मी उदास आहे" असं सहसा म्हणत नाहीत. डोकं जड आहे, ॲसिडिटी आहे, पाठ धरलीय, जीव लागत नाही, चिडचिड होते, अशा शब्दांत ते येतं. म्हणून डॉक्टरकडे नेताना "तुला डिप्रेशन आहे, चल" असं म्हणू नका. "चार महिने झोप नाही, वजन उतरलंय, एकदा तपासून घेऊ" म्हणा. यात खोटं काही नाही. आधी फॅमिली डॉक्टर चालतील. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईडसाठी टीएसएच आणि बी१२ एवढं रक्त तपासून घ्या. थायरॉईड किंवा बी१२ कमी असलं तरी माणूस असाच मलूल होतो, आणि मग उपचार वेगळा.

पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली मराठीतही मिळते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे जावं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथं ० सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, वाट बघायची नाही. ही प्रश्नावली त्यांनी स्वतः भरायची असते. वहिनींनी अंदाजानं भरून उपयोग नाही.

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, सकाळी केसपेपर काढून दाखवता येतं. तिथं ओळखीचं कुणी भेटेल या भीतीनं लोक सांगली-मिरज गाठतात. तसं केलं तरी हरकत नाही, पण दर खेपेला तेवढा प्रवास झेपणार का ते आधी ठरवा, कारण तिसऱ्या-चौथ्या खेपेलाच लोक गळतात. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, चोवीस तास, मराठीत. रुग्णानंच फोन करायला पाहिजे असं नाही. तुम्ही किंवा वहिनी "घरच्या माणसाशी कसं वागायचं" हे विचारायलाही करू शकता.

गोळ्या सुरू झाल्या तर लोक कुठं चुकतात ते आधीच सांगते. नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, तोंड कोरडं पडणं, थोडी अस्वस्थता होते. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज सहा ते आठ आठवड्यांत येतो. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. बरोबर त्या मधल्या दिवसांत "गोळ्या सोसत नाहीत" म्हणून बंद करतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायच्या असतात, आणि थांबवताना डॉक्टरच हळूहळू कमी करतात. एकदम सोडल्या तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आणि माणसाला वाटतं सवय लागली. ती सवय नव्हे. पूर्वी कधी यांचे उलटे दिवस गेले असतील, म्हणजे झोप नसूनही अंगात प्रचंड जोर, भरमसाट खर्च, न थांबणारी बडबड, तर ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा. मग औषध वेगळं लागतं.

चहातून, भाजीतून गोळी घालू नका. कळल्यावर माणूस घरचं पाणीही संशयानं पितो. आणि मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या परस्पर आणू नका.

आता अवघड भाग. एकदा सरळ विचारा: "दादा, एवढं नको झालंय की मरणाचे विचार येतात का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात पेरला जात नाही. बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "कधीकधी" असं आलं तर घाबरून ओरडू नका, शपथा घालू नका. "कधी येतात? काही ठरवलंयस का?" विचारा. ठरवलेलं असेल तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. हातघाईची वेळ असेल तर १०८ किंवा ११२. उत्तर काहीही येवो, एक काम आजच करा: शेती असेल तर कीटकनाशक आणि तणनाशकाचे डबे घरातून, शेतातल्या खोलीतून काढून दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. जुन्या उरलेल्या गोळ्याही. धोक्याची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काही नसणं याचा खरा उपयोग होतो.

पेठेतला धाकटा

सगळ्यांचे आभार. दोन शंका. दादा वहिनींना म्हणाला, "मला एकटं सोड." किती वेळ सोडायचं? आणि वहिनी म्हणतात, तो झोपला की एकदा मोबाईल बघून घेऊ. फोन आला की तो उठून बाहेर जातो, काही नंबर कट करतो.

करवीरकर समुपदेशक

"एकटं सोड" मान्य करायचं, पण परत यायची वेळ ठरवून. "बरं. नऊला मी चहा घेऊन येतो." एवढंच. अमेरिकेत जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांची भांडणं चालू असताना हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणसाला ऐकू येतं, पण डोक्यात शिरत नाही, आणि बरेच जण तिथं दगडासारखे गप्प होतात. शरीर खाली यायला निदान वीस मिनिटं लागतात, तीही त्या वेळात मनात वाद उगाळत बसलं नाही तरच. म्हणून चिघळलेल्या प्रसंगानंतर अर्धा तास तरी सोडा. पण दुसऱ्या दिवसावर नेऊ नका. वेळ न सांगता सोडलेलं दोघांनाही टाकल्यासारखं वाटतं. आणि नऊ म्हणजे नऊ. सव्वानऊला गेलास तर तुझ्या शब्दाला किंमत उरत नाही. वर ओपीडीवाल्या ताईंनी विचारायला सांगितलेल्या प्रश्नाला धोक्याचं उत्तर आलं, तर मात्र ही एकटं सोडायची मोकळीक नाही.

मोबाईल बघू नका. त्यात काही सापडलं तर सांगता येत नाही, कारण कुठून कळलं ते सांगावं लागतं. नाही सापडलं तर संशय तसाच राहतो.

फोन कट करणं आणि बाहेर जाऊन बोलणं याला बाहेरचं प्रकरण हे एकच कारण नसतं. छोट्या युनिटवाल्याच्या बाबतीत मी आधी पैशाकडं बघेन. थकलेला हप्ता, बाऊन्स झालेला चेक, पार्टीकडं अडकलेलं पेमेंट, कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांचे फोन, ऑनलाईन रमी. यात लाज असते, आणि लाजेला "काय झालं" या प्रश्नाची भीती वाटते. नेमका आणि छोटा प्रश्न सोपा जातो: "या महिन्यात कुणाचं देणं अडलंय का? आकडा सांगू नकोस, हो किंवा नाही म्हण." हो आलं, की एक वही. घेणेकरी कोण, मुद्दल किती, व्याज काय, हप्ता कधी, तारण काय, पाच रकाने. एका बैठकीत पूर्ण करायचा हट्ट नको, पहिल्या दिवशी दोन ओळी झाल्या तरी चालेल. आणि ही वही मामांना दाखवायची नाही. कर्ज लगेच फेडून टाकू असं वचन देऊ नकोस. रमी किंवा सट्टा असेल तर पैसे भरून सुटत नाही, पुन्हा भरावे लागतात. त्याचा उपचार वेगळा, आणि तोही मानसोपचारातच होतो.

तटाकडील

थोडं वेगळं मत मांडतो. इथं वाचणारे पुष्कळजण आता आपापल्या गप्प माणसाला पीएचक्यू भरायला बसवतील. घुम्या माणूस बरा करायचा नसतो. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी साधारण वर्षाच्या मुलांची निरीक्षणं केली होती. आई खोलीबाहेर गेली तरी काही मुलं रडत नव्हती, परत आली तरी धावत नव्हती, खेळण्यात दंग. नंतर दुसऱ्या संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले होते. गरज असते, पण ती दाखवून उपयोग नाही हे लहानपणीच शिकलेलं असतं. अशा मोठ्या माणसांना रोज सकाळ-संध्याकाळचा संपर्कही जड जातो. त्यांच्यासाठी आठवड्याला दोनदा, आणि बोलण्यापेक्षा चिठ्ठी किंवा मेसेज बरा. "उत्तर नाही दिलंस तरी चालेल" हे शेवटी लिहायचं, आणि नाही आलं तर खरंच चालवून घ्यायचं.

ओळखायची खूण सोपी आहे: बदल. माणूस पूर्वी कसा होता त्याच्याशी ताडून बघायचं, शेजारच्या गप्पिष्टाशी नाही.

करवीरकर समुपदेशक

मान्य. प्रश्नातल्या दादात चार महिन्यांत बदल झालाय म्हणून मी तसं लिहिलं. मुळातल्या अबोल माणसाला तुमचंच बरोबर.

सकाळची ओपीडी

गावभर होईल ही भीती असते म्हणून दोन कायद्याच्या गोष्टी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला पाहिजे, म्हणून मेडिक्लेम असेल तर पॉलिसीचे कागद बघून ठेवा.

आणि वहिनींचं कुणी लिहिलं नाही. चार महिने त्या एकट्या झेलतायत. घरात कामं वाटा: सकाळचा संपर्क तुमचा, संध्याकाळचा त्यांचा, डॉक्टरच्या तारखा तुमच्याकडे. आठवड्यातली एक दुपार त्यांची पूर्ण मोकळी, माहेरी जावोत नाहीतर महाद्वारला फिरोत. लेकीला एक वाक्य सांगून ठेवा, नाहीतर मुलं स्वतःवर घेतात: "बाबांना बरं नाही, तुझ्यामुळं नाही, आणि आम्ही बघतोय." बरं नाही म्हणजे काय असं विचारलं, तर "झोप लागत नाही" म्हणा.

पेठेतला धाकटा

मामांना फोन केला, थोडे रुसले. वहिनींना वरचं सगळं वाचायला दिलंय. फॅमिली डॉक्टरांची वेळ शनिवारी सकाळची घेतली, झोपेसाठी म्हणूनच. त्याला अजून सांगितलेलं नाही, आज साडेआठला दुधाला जाताना सांगतो. शेतातल्या खोलीत तणनाशकाचे दोन डबे आहेत, ते संध्याकाळी चुलतभावाकडं नेऊन ठेवतो.

दुधाळी

किल्ली पण चुलतभावाकडंच राहू दे.